स्वरसंघातांची श्रवणओळख

स्वरसंघातांची श्रवणओळख म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांचा समूह वाद्याकडे अथवा स्वरलिपीकडे न पाहता, केवळ ऐकून, कोणत्या प्रकारचा आहे हे सांगण्याचे कौशल्य होय. अशा स्वरसमूहाला पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात. मराठी लेखनात त्यासाठी स्वरसंघात हा प्रतिशब्द आढळतो. वादकांच्या बोलण्यात मात्र कॉर्ड हाच शब्द रूढ आहे. गिटार, कीबोर्ड, पियानो व अकॉर्डियन वाजवणारे वादक, संगीत संयोजक आणि समूहगायनाचे मार्गदर्शक यांना हे कौशल्य रोजच्या कामात लागते. भावगीत, चित्रपटगीत किंवा भक्तिगीत यांची छापील स्वरलिपी बहुधा उपलब्ध नसते. त्यामुळे महाराष्ट्रात साथ करणाऱ्या वादकाला गाण्यातील कॉर्ड कानानेच शोधाव्या लागतात.

व्याप्ती

या कौशल्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे प्रकाराची ओळख: ऐकलेली कॉर्ड मेजर आहे की मायनर, डिमिनिश आहे की सेव्हन्थ, हे सांगणे. दुसरी म्हणजे स्थानाची ओळख: ती कॉर्ड चालू पट्टीच्या षड्जावर उभी आहे, मध्यमावर की पंचमावर, हे सांगणे. मूळ स्वराचे नाव ठाऊक नसतानाही प्रकार ओळखता येतो, जसा गायकाची पट्टी काळी चार आहे की पांढरी पाच हे माहीत नसताना राग ओळखता येतो. प्रत्यक्ष साथीत दोन्ही ओळखी एकत्रच लागतात. शिकवताना त्या वेगळ्या ठेवण्याची पद्धत आहे. हा लेख मुख्यतः प्रकाराच्या ओळखीविषयी आहे.

मुख्य प्रकार व त्यांची रचना

कॉर्डचा प्रकार तिच्या स्वरांमधील अंतरांवरून ठरतो. पेटीवरील लगतच्या दोन सुरांमधले अंतर, काळ्या पट्ट्या धरून, एक अर्धस्वर मानले जाते. मूळ स्वराला षड्ज मानल्यास सा, शुद्ध ग व प मिळून मेजर कॉर्ड होते. तिच्यात आधी चार व नंतर तीन अर्धस्वरांचे अंतर असते. सा, कोमल ग व प मिळून मायनर कॉर्ड होते आणि अंतरांचा क्रम तीन–चार असा उलटतो. दोन्हींत सा–प हा सांगाडा तोच राहतो आणि फरक एकट्या गंधाराचा असतो. म्हणून प्रकार ओळखण्याचा बराचसा अभ्यास हा गंधार शोधण्याचा अभ्यास असतो.

दोन्ही अंतरे तीन–तीन अर्धस्वरांची असली तर डिमिनिश कॉर्ड मिळते. तिच्यात शुद्ध पंचमाच्या जागी तीव्र मध्यमाचा सूर येतो. चार–चार अंतरे असली तर ऑगमेंटेड कॉर्ड मिळते आणि तिच्यात पंचमाऐवजी कोमल धैवताचा सूर लागतो. गंधार गाळून शुद्ध मध्यम घेतला की सस फोर, ऋषभ घेतला की सस टू. चौथा स्वर जोडल्यावर सेव्हन्थ वर्गातल्या कॉर्ड तयार होतात: मेजर कॉर्डवर कोमल निषाद घातला तर डॉमिनंट सेव्हन्थ, शुद्ध निषाद घातला तर मेजर सेव्हन्थ, आणि मायनर कॉर्डवर कोमल निषाद घातला तर मायनर सेव्हन्थ.

समान अंतरांच्या कॉर्डना एक विशेष गुण असतो. ऑगमेंटेड कॉर्डमधील कोणताही स्वर तळाला आणला तरी अंतरे चार–चार–चार अशीच राहतात. त्यामुळे बारा सुरांवर मिळून ऐकण्यात खरोखर वेगळ्या अशा चारच ऑगमेंटेड कॉर्ड निघतात. तीन–तीन अंतरांच्या चार स्वरी डिमिनिश सेव्हन्थ तर तीनच निघतात. अशा कॉर्डचा प्रकार कान चटकन सांगतो, पण तिचा मूळ स्वर कोणता हे ती एकटी ऐकून ठरवता येत नाही. ती पुढे कोठे जाते यावरूनच ते कळते.

श्रवणाचा आधार

कॉर्डमधील स्वर कानाला कधी एकजीव तर कधी सुटे ऐकू येतात. त्याचे कारण प्रत्येक सुराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांत आहे. कोणत्याही तारेच्या मूळ आंदोलनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा आंदोलनांचे सूरही तिच्यातून निघत असतात. हेरमान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वरांचा विसंवाद उपस्वरांच्या परस्परांवर आदळण्यातून निर्माण होणाऱ्या खरखरीशी जोडला. ते विवेचन पुढे बरेच सुधारले गेले असले तरी आजही आरंभबिंदू म्हणून उपयोगी आहे.

मराठी श्रोत्याला या बाबतीत एक आयती सोय आहे. चांगली जवारी लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाचा पाचवा उपस्वर असतो. चौथा उपस्वर षड्ज, पाचवा गंधार आणि सहावा पंचम, म्हणजे ४:५:६ या प्रमाणात मेजर कॉर्डच त्या एका तारेत सूक्ष्मपणे वाजत असते. ज्याने तानपुऱ्याचा गंधार ऐकण्याचा सराव केला आहे त्याला मेजर कॉर्ड ऐकताना नवे काही शिकावे लागत नाही. ऐकलेल्या गोष्टीला नाव द्यायचे असते. मायनर कॉर्डचे प्रमाण १०:१२:१५ असे पडते. तिचा कोमल गंधार खर्जाच्या जवळच्या उपस्वरांत सापडत नाही, त्यामुळे तानपुऱ्यावर मायनर कॉर्ड वाजवली तर तो गंधार स्वयंभू गंधाराला किंचित घासतो. हा घर्षणाचा अनुभव मायनर ओळखण्याची भरवशाची खूण ठरू शकतो.

तानपुऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार मात्र एक नव्हेत. अर्धस्वराचे शंभर भाग म्हणजे शंभर सेंट धरल्यास स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर, तर समान अंतराने जुळवलेल्या पेटीचा किंवा कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर असतो. पेटीचा कोमल गंधार ३०० सेंटवर, तर स्वाभाविक कोमल गंधार सुमारे ३१६ सेंटवर येतो. पंचमात मात्र दोनच सेंटचा फरक पडतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली पुण्यात प्रसिद्ध केलेल्या बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तकात असे मापन केले होते, आणि त्यांच्या व अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या कामातून श्रुतिपेटीची कल्पना पुढे आली. आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला बंदी होती. त्या वादातही तिच्या ठरीव सुरांचा मुद्दा होता. कॉर्डच्या अभ्यासापुरते सांगायचे तर सुरेल कानाच्या विद्यार्थ्याला कीबोर्डवरील मेजर कॉर्ड सुरुवातीस थोडी चढी वाटते. ते त्याच्या कानाचे दूषण नव्हे.

मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी हे वर्णन बहुतेक प्राथमिक पुस्तकांत असते. ते सोयीचे असले तरी फसवे आहे. कॉर्डविषयीच्या आवडीनिवडी बऱ्याच अंशी सवयीच्या असतात. बोलिव्हियातील त्सिमाने या आदिवासी समाजात केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील श्रोत्यांनी संवादी व विसंवादी स्वरसंघात सारखेच सुखद ठरवले. भैरवीत किंवा भीमपलासीत कोमल गंधार असूनही मराठी श्रोता त्यांना नुसते दुःखी म्हणत नाही. म्हणून येथील विद्यार्थ्याने भावनेच्या नावापेक्षा गंधाराच्या जागेवर लक्ष ठेवणे अधिक फलदायी असते.

एकसुरी परंपरेतील कानापुढील अडचणी

हिंदुस्तानी संगीतात वाढलेला कान स्वरांना क्रमाने ऐकतो. मींड, कणस्वर, न्यास, स्वरांचे परस्परांशी असलेले नाते या गोष्टी त्याला सूक्ष्मपणे कळतात, पण एकाच क्षणी तीन सूर आले की तो बहुधा सर्वांत वरचा सूर पकडतो आणि त्यालाच चाल समजतो. खालचे दोन सूर त्याला भरणीसारखे वाटतात. हा अडथळा सवयीचा आहे, क्षमतेचा नाही.

दुसरी अडचण षड्जाची आहे. भारतीय पद्धतीत षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. कॉर्डमध्ये मात्र प्रत्येक वेळी मूळ स्वर बदलतो. पांढरी एक षड्ज मानून म–ध–सा ही कॉर्ड वाजवली, तर तिचा स्वतःचा ‘सा’ मध्यमावर, ‘ग’ धैवतावर आणि ‘प’ तार षड्जावर असतो. वरचा षड्ज ओळखीचा असल्याने विद्यार्थी ही कॉर्ड षड्जाचीच आहे असे सांगून मोकळा होतो. यावरचा उपाय संगीतशिक्षणात जुनाच आहे: मूर्च्छनेच्या कल्पनेप्रमाणे प्रत्येक कॉर्डसाठी षड्ज तात्पुरता हलवायचा आणि मग पुन्हा मूळ जागी आणायचा. ज्याला षड्जचालन गाता येते त्याला ही उडी फारशी कठीण जात नाही.

तिसरी अडचण वाद्याची आहे. पेटी वाजवताना एक हात भात्यावर असतो, त्यामुळे तळाचा सूर डाव्या हाताने स्वतंत्रपणे देता येत नाही. पियानोवर किंवा ऑर्गनवर शिकणाऱ्याला खालचा सूर वेगळा ऐकण्याची सवय आपोआप लागते. पेटीवाल्याला ती मुद्दाम लावावी लागते.

अभ्यासपद्धती

शिक्षक सहसा दोनच प्रकारांपासून आरंभ करतात. मेजर व मायनर एकाच मूळ स्वरावर आळीपाळीने वाजवून विद्यार्थ्याला आधी फक्त ‘एकच की वेगळी’ असे विचारले जाते. नावे नंतर येतात. पुढचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा गाण्याचा आहे: कॉर्ड एकदा वाजवायची, वाद्य थांबवायचे, आणि तिचे तीनही स्वर खालून वर सरगमात म्हणून दाखवायचे. जे स्वर गळ्यातून सुटे निघत नाहीत ते कानातही अजून सुटलेले नसतात. मराठी विद्यार्थ्याला येथे सरगमाचा मोठा फायदा मिळतो. पोर्तुगीज परंपरेत ‘डो’ हे पांढऱ्या एकचेच नाव असते, तर भारतीय ‘सा’ कोठेही ठेवता येतो. आणि प्रकार ओळखण्यासाठी सरकता षड्जच हवा असतो.

त्यानंतर डिमिनिश व ऑगमेंटेड, मग सस, मग सेव्हन्थ असा क्रम अनेक ठिकाणी ठेवला जातो. गिटार शिकवणारे मात्र डॉमिनंट सेव्हन्थ लवकर घेतात, कारण गाण्यांत ती जागोजागी लागते. चार स्वरी कॉर्डमध्ये सगळे स्वर मोजण्यापेक्षा गंधार व निषाद या दोन स्वरांकडे लक्ष दिले की काम भागते: प्रकार त्या दोघांनीच ठरतो, पंचम गाळला तरी ओळख टिकते. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूच्या सेव्हन्थ बटणातून तर अनेकदा पंचम वाजतच नाही.

सराव एका वेळी थोडा, पण रोज करावा असा सर्वसाधारण सल्ला असतो. याशिवाय तीन गोष्टी बदलत ठेवाव्या लागतात: पट्टी, वाद्य आणि मांडणी. एकाच कीबोर्डच्या एकाच आवाजावर शंभर टक्के उत्तरे बरोबर देणारा विद्यार्थी गिटारवरील तीच कॉर्ड ओळखू शकत नाही, हे वर्गांत नेहमी दिसते. त्याने प्रकार शिकलेला नसतो, त्या आवाजाचा पोत पाठ केलेला असतो. भ्रमणध्वनीवरील सराव-उपयोजने वापरताना हा धोका अधिक असतो, कारण त्यांतील नमुने मोजके असतात.

एखादे परिचित गाणे प्रत्येक प्रकाराची खूण म्हणून लक्षात ठेवण्याचीही पद्धत आहे. अंतर ओळखताना ती बरी चालते. कॉर्डसाठी ती तितकी उपयोगी पडत नाही, कारण गाण्याची चाल आठवण्यात वेळ जातो आणि तोवर पुढची कॉर्ड आलेली असते.

नेहमीच्या गल्लती

सर्वांत ठरलेली गल्लत उलट्या मांडणीची आहे. मेजर कॉर्डचा गंधार तळाला आणून ग–प–सा अशी मांडणी केली की तळाशी तीन अर्धस्वरांचे अंतर येते, जे मायनर कॉर्डच्या तळाशी असते. उलट मायनर कॉर्डची हीच मांडणी केली तर तळाशी चार अर्धस्वर येतात. जो विद्यार्थी फक्त खालचे अंतर ऐकून उत्तर देतो तो अशा वेळी नेमका उलटे सांगतो. म्हणून मांडणी बदलून सराव केल्याशिवाय मेजर–मायनरची ओळख पक्की झाली असे मानत नाहीत.

काही कॉर्डचे स्वर अक्षरशः तेच असतात. सा–ग–प–ध ही षड्जावरची मेजर सिक्स्थ. तेच स्वर धैवतापासून मांडले की मायनर सेव्हन्थ. सा–म–प ही षड्जावरची सस फोर, तर तीच मध्यमापासून मांडल्यास सस टू. येथे निर्णय तळाचा सूर व गाण्यातील संदर्भ देतो. राग जाणणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये: भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच आहेत, पण भूपाचा वादी गंधार व देशकाराचा धैवत असल्याने दोन्ही रागांचे रूप वेगळे होते. योगायोगाने मेजर सिक्स्थ–मायनर सेव्हन्थ या जोडीचे स्वरही भूपातलेच आहेत.

निषाद–ऋषभ–मध्यम ही डिमिनिश कॉर्ड आणि पंचमावरची डॉमिनंट सेव्हन्थ यांतही घोटाळा होतो, कारण पहिली ही दुसरीचा वरचा भागच असते. बासवादकाने पंचम दिला की डिमिनिश नाहीशी होते. रॉक संगीतातील सा–प एवढ्याच दोन स्वरांची पॉवर कॉर्ड तर ना मेजर ना मायनर. गिटारचा आवाज फाडून वाजवला असता उपस्वर इतके वाढतात की तीत गंधार असल्याचा भास होतो, आणि विद्यार्थी तिला मेजर म्हणतात.

राग आणि कॉर्ड

रागाधारित गीताला कॉर्ड देताना चुकीची ओळख केवळ तांत्रिक चूक राहत नाही, तिने रागच बिघडतो. मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य आहेत. षड्जावरची नेहमीची मायनर कॉर्ड दिली तर तिच्यातला पंचम रागात शिरतो. म्हणूनच मालकंसासाठी तानपुराही पंचमाऐवजी मध्यमाला जुळवतात. रागाच्या स्वरांतून निघणाऱ्या पूर्ण कॉर्ड येथे दोनच: मध्यमावरची मायनर आणि कोमल धैवतावरची मेजर. दोन्हींत षड्ज आहे, पण दोन्हींचा तो तळ नाही. ध्वनिमुद्रण ऐकून कॉर्ड शोधणारा नवशिका येथे हमखास षड्जावर बोट ठेवतो.

दुर्गा रागात गंधार नाही, त्यामुळे षड्जावर मेजर किंवा मायनर होऊच शकत नाही. होते ती सस. मध्यमावरची मेजर आणि ऋषभावरची मायनर मात्र मिळते. यमनात मध्यम तीव्र असल्याने शुद्ध मध्यमावरची कॉर्ड गळते, आणि ऋषभावर मेजर कॉर्ड येते, जी पाश्चात्त्य मेजर पट्टीत मायनर असते. ही एक कॉर्ड कानाला यमनाची जाणीव लगेच करून देते. भैरवात षड्ज व कोमल ऋषभ या लगतच्या दोन सुरांवर मेजर कॉर्ड सापडतात. भैरवीत पंचमावरची कॉर्ड डिमिनिश होते, म्हणजे पंचमावरून षड्जावर परतण्याचा पाश्चात्त्य संगीतातील ठरीव मार्ग तेथे मिळत नाही. त्या मार्गावर कान तयार केलेला विद्यार्थी भैरवीच्या गाण्यात काही काळ चाचपडतो. संयोजक अशा वेळी कोमल निषादावरून किंवा कोमल ऋषभावरून षड्जाला येतात.

रागसंगीताला कॉर्ड द्याव्यात की नाही हा वेगळा वाद आहे. खयालाच्या मैफलीत त्यांना स्थान नाही, आणि मींडेच्या मध्येच ठाम कॉर्ड आली तर स्वराचा प्रवास तुटतो, हा आक्षेप रास्त आहे. सुगम संगीतात मात्र त्या आल्या आणि राहिल्या.

महाराष्ट्र व गोव्यातील परंपरा

गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना स्वरलिपीवाचन, समूहगायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे तेथील कित्येकांचा कान लहानपणापासून एकापेक्षा अधिक आवाजांना सरावलेला असे. मांडो हा गोव्याचा गीतप्रकार दोन आवाजांत गातात आणि ते आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने बरोबर चालतात. तेथील श्रोत्याला गंधाराचे अंतर हे असे घरचे असते.

याच परंपरेतील वादक विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवी. तिच्याखालच्या कॉर्ड ठरवून, वाद्यवृंदासाठी त्या लिहून काढण्याचे काम संयोजकाकडे असे. ओ. पी. नय्यर व शंकर–जयकिशन यांच्यासाठी काम केलेले सेबॅस्टियन डिसूझा हे या वर्गातील ठळक नाव. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी चित्रपटांसाठी संयोजन केले आणि लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील नायकाचे गाण्यातील नाव त्यांच्यावरूनच आले. एकसुरी चाल ऐकून तिच्यात दडलेली कॉर्ड शोधणे हे या मंडळींचे रोजचे काम होते. वाजलेली कॉर्ड ओळखण्यापेक्षा ते एक पायरी अवघड आहे.

पुण्याचे इनॉक डॅनियल्स हे अकॉर्डियनवादक व संयोजक याच काळातले. अकॉर्डियनची रचना या विषयात लक्षणीय आहे. १२० बटणांच्या वाद्यात डाव्या हाताकडे सहा ओळी असतात: दोन ओळी सुट्या बास सुरांच्या, आणि उरलेल्या चार अनुक्रमे मेजर, मायनर, सेव्हन्थ व डिमिनिश कॉर्डच्या. एक बटण म्हणजे एक पूर्ण कॉर्ड. वादकाच्या दृष्टीने कॉर्डचा प्रकार ही बोट कोणत्या ओळीत जाते एवढी साधी गोष्ट होते, आणि कान व बोट यांची जोडी लवकर जमते. बटणे डोळ्यांना दिसत नसल्याने ती जोडी कानावरच विसंबून राहते.

मराठी रंगभूमीवर संगीत नाटकांत पायपेटी म्हणजे ऑर्गन रुळला होता, पण त्याचा उपयोग मुख्यतः चालीची साथ आणि आधारस्वर देण्यासाठी होई. केशवराव भोळे यांनी पुण्यातील प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ (१९३७) मध्ये लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या इंग्रजी कवितेला चाल लावून ती शांता आपटे यांच्याकडून गाऊन घेतली. अलीकडच्या काळात अजय–अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) साठी अमेरिकेत सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले; त्या गाण्यांतील कॉर्ड शोधणे हा आता गिटारच्या वर्गांतील नेहमीचा अभ्यास झाला आहे.

पुण्याच्या ईशान्येकडील विश्रांतवाडीसारख्या उपनगरात दोन्ही श्रवणपरंपरा काही किलोमीटरच्या आत भेटतात. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथूनच पुण्यात येते. तिच्यासोबतच्या दिंड्यांत वीणेचा आधारस्वर, टाळ, मृदंग आणि सर्वांचा एकच सूर असतो. कॉर्डला तेथे जागा नाही. शेजारच्या खडकी छावणीत ऑल सेंट्स व सेंट इग्नेशियस ही चर्च आणि बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे. चर्चचे समूहगायन आणि लष्करी बँड या दोन्हींचा पाया मात्र अनेक आवाज एकत्र वाजण्यावर आहे. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड या दोहोंच्या मधला म्हणता येईल: वाद्ये लष्करी बँडची, पण चाल बहुतांशी सगळे मिळून एकसुरात वाजवतात.

परीक्षा

भारतात ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा होतात आणि पुण्यातील अनेक विद्यार्थी त्यांना बसतात. असोसिएटेड बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या श्रवणचाचणीत सहाव्या श्रेणीपासून केडन्स, म्हणजे वाक्यान्तीचा कॉर्डक्रम, ओळखावा लागतो. सातव्या श्रेणीत त्यातील दोन, तर आठव्या श्रेणीत तीन कॉर्ड ओळखून सांगाव्या लागतात. येथे भर स्थानाच्या ओळखीवर असतो. प्रकार ओळखण्यात तरबेज झालेला, पण कॉर्ड नेहमी सुट्या ऐकलेला विद्यार्थी या प्रश्नात अडतो.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत श्रवणाची कसोटी स्वर व राग ओळखण्यावर असते. दोन्ही परीक्षा देणारी मुले आता दुर्मिळ नाहीत. त्यांच्यापुढची खरी अडचण भाषेची असते: तोच सूर सकाळी ‘ग’ आणि संध्याकाळी ‘ई’ म्हणून शिकावा लागतो आणि दोहोंची सांगड घालून देणारे पुस्तक हाती नसते. सरगमाच्या भाषेत कॉर्ड समजावणारा शिक्षक मिळाला तर ही अडचण बरीच कमी होते.

निरपेक्ष स्वरज्ञानाशी संबंध

संदर्भाचा सूर न देता कोणताही सूर नावाने ओळखण्याच्या क्षमतेला निरपेक्ष स्वरज्ञान म्हणतात. कॉर्डचा प्रकार ओळखण्यासाठी त्याची गरज नसते. तरीही या दोहोंना जोडणारी एक पद्धत जपानमध्ये विकसित झाली आहे. काझुको एगुची यांच्या पद्धतीत लहान मुले प्रत्येक कॉर्डसाठी ठरलेल्या रंगाचे निशाण उचलतात. आयाको साकाकिबारा यांनी २ ते ६ वर्षे वयाच्या २४ मुलांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या २२ मुलांना निरपेक्ष स्वरज्ञान प्राप्त झाल्याचे नोंदवले आहे. मात्र त्या मुलांनी शिकलेली ओळख विशिष्ट सुरांच्या विशिष्ट कॉर्डची होती. पट्टी बदलली तरी मेजर ती मेजरच, ही जाण वेगळ्या सरावाने येते आणि ती प्रौढ वयातही मिळवता येते.

संगणकीय ओळख

ध्वनिमुद्रणातून कॉर्ड आपोआप ओळखण्याच्या संशोधनात ताकुया फुजिशिमा यांनी १९९९ साली मांडलेली पद्धत पायाभूत मानली जाते. तीत ध्वनीची सर्व सप्तके एकत्र मिळवून बारा सुरांपैकी प्रत्येकाचे बळ मोजतात आणि ते आकडे ठरावीक कॉर्डच्या नमुन्यांशी पडताळतात. सध्याची उपयोजने यंत्रशिक्षणाचा वापर करून तेच काम अधिक अचूकतेने करतात. साधी मेजर व मायनर कॉर्ड त्यांना बहुधा बरोबर सापडते. सा–ग–प–धसारख्या दुहेरी अर्थाच्या कॉर्ड, तळाचा सूर बदललेल्या मांडण्या आणि गायकाच्या मींडेमुळे सरकणारे सूर येथे ती अजून अडखळतात. तानपुरा सतत वाजत असलेल्या ध्वनिमुद्रणात षड्ज व पंचमाचे बळ प्रत्येक क्षणी मोठे दिसते, त्यामुळे प्रत्यक्षात मध्यमावरची कॉर्ड चालू असतानाही उपयोजन षड्जावरचीच कॉर्ड दाखवू शकते. अशा उत्तराची तपासणी करायची झाल्यास बासचा सूर गाऊन पाहावा आणि मग त्यावरचा गंधार शोधावा.